टॅपेट कव्हरचे पॅकिंग : वस्तू लहान, नुकसान मोठे

थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण पैसा साठवण्याच्या संदर्भात वापरतो. ती उलट बाजूनेही तितकीच खरी आहे. थेंबाथेंबाने भरलेले तळे थेंबाथेंबानेच रिकामे होते आणि रिकामे होताना आवाज करीत नाही. दुकानाच्या बाबतीत हे आपल्याला चांगले कळते. गल्ल्यातून रोज दहा रुपये कमी पडू लागले तर आठ दिवसांत आपण नोकराला जाब विचारतो. परंतु दारात उभ्या असलेल्या गाडीखाली रोज तेलाचे चार थेंब पडले तर आपण त्यावर पुठ्ठा टाकतो आणि कामाला लागतो. मीही तेच केले. त्यापायी केवढी किंमत मोजावी लागली असती आणि ती कशी थोडक्यात टळली, हे वाचक बंधूंपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

मी कापडाचा व्यापारी आहे. मोटार दुरुस्ती हा माझा धंदा नव्हे. तथापि आपल्यापैकी पुष्कळजण आज लहान गाडीवर धंदा करतात. कोणी नमुन्याची थाने घेऊन गावोगाव फिरतो, कोणी वसुलीला जातो, कोणी शिवलेला माल पोचवतो. यातील बहुतेकांच्या गाड्या जुन्या असतात. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते आणि इंजिन बसले तर वर्षाची बरकत जाते. म्हणून ज्या दुरुस्तीचे सामान दोन-अडीचशे रुपयांत येते आणि जी न केल्यास इंजिन जाऊ शकते, ती प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असली पाहिजे.

राहुड घाटातला लाल दिवा

माझ्याकडे २००७ सालची मारुती ८०० आहे. ती मी २००९ मध्ये जुनी म्हणून घेतली. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत अशा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. खेड्यापाड्यांत त्यातल्या कितीतरी अजून चालू आहेत, कारण सामान मिळते आणि मिस्त्रीला तिच्यात काही नवीन वाटत नाही. माझ्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२२ मध्ये संपली, तेव्हा तपासणी करून ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. गाडी उत्तम चालते, असा माझा समज होता.

त्या हिवाळ्यात अंगणातील फरशीवर तेलाचे डाग दिसू लागले. घरातून तक्रार आली, "रोज फरशी घासायची तरी किती? एकदा गाडी दाखवा ना कोणाला!" मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तेथे गाडीखाली बॅटरी मारून पाहिले, ऑइल चेंबर तेलाने माखला होता, म्हणून चेंबरचे पॅकिंग बदलले. मजुरी दिली. आठ दिवसांनी फरशीवर पुन्हा डाग. दुसरीकडे विचारले तर क्रँकचे सील गेले असेल, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगून आठ-नऊ हजारांचा अंदाज दिला. एवढे पैसे तेलाच्या थेंबांसाठी कोण घालणार? मी पुठ्ठा टाकला आणि विषय सोडून दिला.

२०२३ च्या मे महिन्यात मी नाशिकहून वसुली करून मालेगावला परतत होतो. दुपारची वेळ, कडक ऊन. चांदवड सोडून राहुड घाटाला लागलो तेव्हा गाडीत जळक्या तेलाचा वास येऊ लागला. पुढच्या ट्रकचा असेल असे वाटले. मग एका वळणावर समोरच्या काट्यांमधला ऑइलचा लाल दिवा क्षणभर पेटला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा पेटला. सुदैवाने मला तेवढी बुद्धी झाली आणि गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. इंजिन थोडे निवल्यावर बॉनेट उघडून ऑइलची काडी काढली, पुसली, परत घालून काढली. काडीच्या टोकाला तेल लागलेच नाही.

ऑइलचा लाल दिवा म्हणजे तेल कमी झाल्याची साधी सूचना नव्हे. पंपाला तेल मिळत नाही व इंजिनच्या आत दाब पडला, असा त्याचा अर्थ आहे. चेंबरात तेल कमी असले की वळणावर ते एका बाजूला सरकते, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणून दिवा वळणावर पेटतो आणि सरळ रस्त्यावर विझतो. विझला म्हणून निश्चिंत होऊन तसेच पुढे गेले तर बेअरिंग सुकतात, क्रँक घासतो आणि इंजिन जाम होते. मी दुचाकीवाल्याला हात करून पुढच्या दुकानातून तेल मागवले. काडीवर खूण येईपर्यंत जवळजवळ दोन लिटर तेल गेले.

थेंबांचा हिशेब

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तेलाचे साधारण वीस-पंचवीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. इंजिन चालू असताना मिनिटाला दोन थेंब गळतात असे धरा. रोज तीन तास गाडी चालली तर ३६० थेंब, म्हणजे १५ मिलिलिटरच्या आसपास. चहाचे तीन चमचे! ऐकायला काहीच नाही. पण महिन्याला हे ४५० मिलिलिटर होते आणि चार महिन्यांत १,८०० मिलिलिटर. या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनात तेल भरते तीन लिटरच्या आसपास. म्हणजे दोन वेळा तेल बदलण्याच्या मधल्या काळात अर्ध्याहून अधिक तेल रस्त्यावर गेले आणि उरलेल्या तेलावर सारा भार पडला.

यातही फरशीवर दिसतो तो थोडा भाग. गाडी चालू असताना गळणारे तेल रस्त्यावर पडते किंवा गरम सायलेन्सरच्या पाइपावर जळते. गाडी उभी केल्यावर जे निथळते तेच आपल्याला दिसते. म्हणून डाग लहान आहे यावरून गळती लहान आहे असे समजू नये. खरा हिशेब काडी सांगते. आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना काडी पाहण्याला एक मिनिट लागते. मी चार महिने ते एक मिनिट काढले नाही.

गळती दिसते कुठे, असते कुठे

मला शेवटी एका जुन्या उस्तादाकडे जाण्याचा सल्ला मिळाला. पत्र्याचे लहानसे दुकान, बाहेर पाटी नाही. त्यांनी गाडी पाहिली, पण पाना हाती घेतला नाही. आधी इंजिन गार होऊ दिले. मग रॉकेल व ब्रशने इंजिनची बाहेरची बाजू वरपासून खालपर्यंत साफ केली, पुसून कोरडी केली, आणि मला म्हणाले, "सेठ, दोन दिवस चालवा आणि गाडी धुऊ नका. परवा या."

दोन दिवसांनी बॉनेट उघडले तर चित्र स्वच्छ होते. इंजिनच्या अगदी माथ्यावर जे झाकण असते, ज्याला गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या मागच्या कडेखालून तेलाची ताजी ओल निघाली होती. ती हेडवरून ओघळत ब्लॉकवर, ब्लॉकवरून चेंबरच्या कडेला आणि तेथून थेंब बनून खाली. मधल्या वाटेवर एक धार सायलेन्सरच्या पाइपाकडे गेली होती. जळक्या वासाचे कारण तेच. उस्ताद एवढेच म्हणाले, "तेल वरून खाली येते. लोक खालून वर बघतात."

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, तसा हा प्रकार होता. माझी मलाच लाज वाटली. आमच्या मागाच्या कारखान्यात कापडावर तेलाचा डाग पडला की माल डागी ठरतो आणि भाव कापला जातो. तेव्हा आम्ही डाग पडला त्या जागेला दोष देत नाही. वर कोणता शाफ्ट आहे, कोणत्या बुशातून तेल झिरपते, हे आधी पाहतो. तीस वर्षे हे करणारा मी, गाडीच्या बाबतीत मात्र खालच्या चेंबरला दोष देऊन मोकळा झालो.

तेव्हा पहिला नियम असा, की आधी साफ करा, मग पाहा, मग पाना लावा. माखलेल्या इंजिनवर कोणीही छातीठोक निदान सांगू लागला तर पैसे देण्यापूर्वी थांबा. टॅपेट कव्हरच्या आसपास आणखीही जागा असतात. तेल भरण्याच्या झाकणाचे रबर कडक झाले असेल तर तेथूनही तेल फेकले जाते. ज्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला बसवलेला आहे, तेथील रबरी कडी गळू लागली तरी ओल तशीच दिसते. ऑइल प्रेशरचा स्विच आणि ऑइल फिल्टर यांवरही नजर टाकावी. सर्वांत वरची ओली जागा हीच बहुधा खरी जागा असते.

हे पॅकिंग करते तरी काय?

इंजिनच्या तळाशी चेंबरात तेल असते. पंप ते उचलून दाबाने बेअरिंगांना आणि माथ्यावरच्या कॅमशाफ्ट व रॉकरना पोचवतो. तेथे वंगणाचे काम झाले की तेल हेडमधील भोकांतून आपल्या वजनाने खाली उतरते. टॅपेट कव्हर या माथ्यावरच्या यंत्राला झाकते. आत तेल उडत असते, परंतु पंपाचा दाब या कव्हरावर नसतो. त्यामुळे पॅकिंगला फार मोठा जोर अडवायचा नाही. उडणारे तेल बाहेर येऊ न देणे आणि बाहेरची धूळ आत जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे मी केलेली चूक ती विसरल्यामुळेच झाली.

पूर्वी ही पॅकिंगे बुचाची असत. बूच म्हणजे एका ओक झाडाची साल. पोर्तुगाल हा आजही त्याचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. बूच दाबले की दबते आणि फट भरते, पण उष्णतेने सुकून भेगाळते. नंतर नायट्राइल रबर आले, जे तेलात फुगत नाही. साधे नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेलात फुगून लिबलिबीत होते, म्हणून ते येथे चालत नाही. आताच्या अनेक गाड्यांत ॲक्रिलिक किंवा सिलिकॉन जातीचे रबर असते, ते उष्णता जास्त सोसते. पण जात कोणतीही असो, वर्षानुवर्षे गरम-थंड होऊन रबर कडक होते आणि दाबलेल्या आकारातच राहून जाते. परत उसळत नाही. मग बोल्ट कितीही आवळा, फट भरत नाही.

माल घेताना कापड जसे बोटांत चुरगाळून पाहतो तसेच पॅकिंग हातात घेऊन पाहावे. चांगले पॅकिंग दाबले की दबते आणि सोडले की लगेच पूर्ववत होते. कडा साफ असतात, साच्याच्या बोंडी लोंबत नाहीत. दुमडल्यावर पांढरी रेघ किंवा बारीक चिरा दिसल्या तर ते दुकानात पडून सुकलेले आहे असे समजावे. आपल्या गाडीचे मॉडेल व साल सांगूनच मागा. एकाच ७९६ सीसीच्या नावाखाली वेगवेगळी इंजिने आली आहेत. मारुती ८०० मध्ये बहुतांशी सिलिंडरला दोन व्हॉल्व्हचे इंजिन होते, तर २००० साली आलेल्या अल्टोत चार व्हॉल्व्हचे. एकाचे पॅकिंग दुसऱ्याला बसत नाही. शक्य तर जुने पॅकिंग बरोबर न्यावे. नकली माल ओळखता येत नसेल तर पन्नास रुपये वाचवण्याचा मोह सोडून खात्रीच्या दुकानातून घ्यावे.

बदलण्याची रीत

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि गाडीचे पुस्तक इंग्रजीत. त्यामुळे जे शिकलो ते उस्तादाच्या हाताकडे पाहून. ते क्रमाने लिहितो.

इंजिन पूर्ण गार असावे. गरम इंजिनवर हात भाजतो हे एक, आणि गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून बोल्ट काढताना आटे खराब होण्याचे भय हे दुसरे. बॅटरीची ऋण तार सोडावी. एअर फिल्टरचा डबा किंवा त्याची नळी आड येत असेल तर सोडवून बाजूला घ्यावी, आणि उघड्या पडलेल्या तोंडावर स्वच्छ कापड बांधावे, जेणेकरून एखादा स्क्रू आत पडणार नाही. प्लगच्या तारा काढायच्या असतील तर प्रत्येकीला खुणेची चिठ्ठी लावावी. क्रम चुकला की इंजिन नीट चालणार नाही.

यानंतर कव्हरभोवतीची धूळ ब्रशने झाडावी. कव्हर उचलताच ती धूळ सरळ कॅमशाफ्टवर पडते, म्हणून हे आधी करायचे. मग बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करावेत. बहुधा १० नंबरचा पाना लागतो. सर्व बोल्ट व त्यांखालचे रबरी वायसर मोजून एका वाटीत ठेवावेत. कव्हर चिकटलेले असेल तर लाकडी किंवा रबरी हातोडीने बाजूने हलके ठोकावे. पेचकस खुपसून उचकटू नये. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तीच पुढच्या गळतीची वाट.

जुने पॅकिंग काढल्यावर दोन्ही बसण्याच्या जागा साफ करायच्या. सुरी-ब्लेड नको, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. आणि येथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गॅरेजमध्ये पुसण्यासाठी सुताचा वेस्ट वापरतात, तो आमच्याच कारखान्यांतून जातो. बाहेरच्या कामाला तो उत्तम आहे. पण उघड्या इंजिनच्या आत तो वापरू नका. त्याचे तंतू सुटतात, तेलाबरोबर खाली जातात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. आतल्या कामाला जुन्या बनियनचे किंवा अनेकदा धुतलेल्या मऊ सुती कापडाचे, कडा न सुटणारे तुकडे घ्यावेत. किती तुकडे घेतले ते मोजावे आणि कव्हर बंद करण्यापूर्वी तेवढे परत मोजावे.

कव्हर पत्र्याचे असेल तर ते काचेवर उलटे ठेवून पाहावे. पूर्वी कोणी जोरात आवळले असेल तर बोल्टच्या भोकांजवळ पत्रा खाली दबलेला दिसतो आणि दोन भोकांच्या मध्ये फट दिसते. लाकडावर ठेवून हलक्या हाताने तो सरळ करता येतो. कव्हर उघडलेच आहे तर त्याच वेळी मिस्त्रीकडून टॅपेटचे अंतर तपासून घ्यावे. पुन्हा उघडण्याची मजुरी वाचते.

नवे पॅकिंग कोरड्या, स्वच्छ खाचेत नीट बसवावे. ते कोठे पिळलेले किंवा ताणलेले नसावे. रबरी पॅकिंगला सर्व बाजूंनी सिलिकॉन पेस्ट फासण्याची गरज नसते. काही इंजिनांत जेथे दोन भागांचा सांधा येतो किंवा जेथे अर्धगोल कोपरा असतो, तेथे कंपनीने सांगितल्याप्रमाणे हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट लावतात, तेवढीच. जास्त लावलेली पेस्ट दाबाने आत निघते, तुटते आणि तिचे तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. बाहेरची गळती बंद करताना आतला रस्ता बंद करून ठेवण्यासारखे हे आहे.

आवळताना आधी सर्व बोल्ट हाताने बसवावेत. मग मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. गासडी बांधताना एकाच बाजूची पट्टी एकदम आवळली तर गासडी तिरकी होते, हे आपण जाणतो. येथेही तेच. जोर किती लावायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. बहुतेक लहान गाड्यांत तो ५ ते १० न्यूटन-मीटर असतो. १० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगावे, साधारण तेवढा जोर. चाकाच्या नटाला याच्या कितीतरी पट जोर लागतो. म्हणजे येथे लांब पाना धरून अंगाचा भार द्यायचा नसतो, मनगटाचे काम असते.

मी केलेली चूक

हे सर्व मला आज ठाऊक आहे. त्या वेळी नव्हते. उस्तादांनी गळतीची जागा दाखवल्यावर मला वाटले, एवढेसे काम, मजुरी कशाला द्यायची? पॅकिंग आणले आणि रविवारी पुतण्याला हाताशी घेऊन स्वतःच बसवले. तेल गळू नये म्हणून बोल्ट जीव खाऊन आवळले. एका बोल्टाने कर्र असा आवाज केला, तिकडे दुर्लक्ष केले. पंधरा दिवस अंगण कोरडे होते. मग पुन्हा डाग.

गाडी घेऊन उस्तादांकडे गेलो तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कव्हर उघडून त्यांनी मला तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, जास्त आवळल्याने नवे पॅकिंग बोल्टजवळ चिरडून बाहेर आले होते आणि मधल्या जागी सैल राहिले होते. दुसरी, एका भोकातील आटे गेले होते. ॲल्युमिनियम मऊ धातू आहे, तो रागाने आवळलेला बोल्ट सोसत नाही. तिसरी गोष्ट मात्र मी स्वप्नातही पाहिली नसती. टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडे जाणारी रबरी नळी त्यांनी काढली आणि फुंकून पाहा म्हणाले. फुंकर आरपार जाईना. आत डांबरासारखा काळा मळ बसला होता.

या नळीचे काम त्यांनी समजावून सांगितले. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा धूर नेहमीच खाली चेंबरात उतरतो. इंजिन नवे असले तरी थोडा उतरतोच. तो इंजिनमध्ये साठू नये म्हणून या नळीतून तो परत आत ओढला जातो आणि पेट्रोलबरोबर जळतो. नळी तुंबली की धुराला वाट राहत नाही, आत दाब वाढतो आणि तो सर्वांत कमजोर जागेतून तेल बाहेर ढकलतो. ती कमजोर जागा म्हणजे हेच पॅकिंग. मी पॅकिंग बदलले, पण त्याला ढकलणारा हात तसाच राहिला. गिऱ्हाइकाने कापड परत आणले आणि आपण त्याच ताग्यातून दुसरे कापून दिले, तर तेही परत येणारच.

त्यांनी नळी बदलली, बिघडलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे असलेली बारीक स्प्रिंगसारखी कडी बसवली, नवे पॅकिंग घातले आणि छोट्या पान्याने तीन फेऱ्यांत आवळले. नंतर इंजिन चालू करून तेल भरण्याचे झाकण काढले आणि तेथे तळहात धरला. धुराचे जोरदार भपके येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे, आणि तेव्हा कितीही पॅकिंगे बदलली तरी ती टिकणार नाहीत, मोठ्या कामाचा विचार करावा लागतो. माझ्या गाडीत तसे नव्हते. इंजिन गरम होईपर्यंत चालवून चारही बाजूंनी बोट फिरवून पाहिले. तेलाची पातळी पाहिली. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा दाखवायला सांगितले. बिल झाले पहिल्या गॅरेजने चेंबरच्या पॅकिंगसाठी घेतले त्याहून कमी. आणि ज्या मजुरीची बचत करायला मी निघालो होतो, तिच्या तिप्पट माझ्या गेलेल्या आट्यांनी घेतले.

नव्या गाडीवाल्यांसाठी

ज्यांच्याकडे अलीकडच्या गाड्या आहेत त्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. जुन्या मारुतीत प्लग हेडच्या बाजूला असतात. २०१० नंतरच्या के-सिरीज इंजिनांत प्लग माथ्यावर मधोमध, खोल विहिरीसारख्या भोकांत असतात आणि प्रत्येक विहिरीभोवती वेगळे रबरी सील असते. ते सील गेले की तेल बाहेर दिसतच नाही, प्लगच्या विहिरीत साचते. फरशी कोरडी असते, पण इंजिन एका सिलिंडरवर अडखळू लागते. अशा वेळी प्लग किंवा कॉइल बदलून भागत नाही. कव्हरचे पॅकिंग व विहिरींची सील एकाच वेळी बदलावी, आणि प्लग काढण्यापूर्वी विहिरीतले तेल टिपून घ्यावे, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरते.

ज्या इंजिनांना टायमिंगचा रबरी पट्टा असतो, जसा मारुती ८०० ला आहे, त्यांच्या बाबतीत पुढच्या बाजूची गळती अधिक धोक्याची. तेल पट्ट्यावर गेले की रबर कमजोर होते आणि पट्टा तुटला की गाडी जेथे असेल तेथे उभी राहते. सायलेन्सरच्या पाइपावर पडणारे तेल तर कधीच हलके घेऊ नये. इंजिन ऑइल २०० अंशांच्या पुढे तापले की पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते आणि तो पाइप त्याहून कितीतरी गरम असतो. कापड भरलेल्या गाडीला याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी एवढेच

स्वतः काम करावे की मिस्त्रीकडून करून घ्यावे, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. ज्याचा हात बसलेला आहे आणि ज्याच्याकडे योग्य पाने आहेत त्याने जरूर करावे, काम दीड-दोन तासांचे आहे. पण मजुरी वाचवणे एवढाच हेतू असेल तर करू नये. आपण गिऱ्हाइकाला सांगतो की कापडाचा भाव मीटरवर नसतो, पारखीवर असतो. कारागिराच्या बाबतीत तेच आपण विसरतो. उस्तादांनी माझ्याकडून पाना फिरवण्याचे पैसे घेतले असे मी मानत नाही. पाना हाती घेण्यापूर्वी दोन दिवस थांबण्याची जी अक्कल त्यांच्यापाशी होती, तिचे ते मोल होते.

गाडी आजही चालते आहे. अंगणातली फरशी कोरडी आहे. शुक्रवारी सकाळी मी बॉनेट उघडून काडी पाहतो, मग दुकानाची चावी घेतो. वाचक बंधूंनीही हा लेख वाचून झाल्यावर एकदा आपल्या गाडीखाली पाहावे. थेंब दिसला तर त्यावर पुठ्ठा टाकू नका. वर पाहा, तो कुठून आला ते शोधा.